टोल रास्त की डिझेलवरील कर? छोट्या गाडीवाल्याने करावयाचा हिशेब

रस्ता फुकट तयार होत नाही, आणि तो फुकट टिकतही नाही. डांबर, खडी, सिमेंट, पूल, मोऱ्या, दरवर्षीची डागडुजी यांचा पैसा कोणीतरी भरावाच लागतो. याबद्दल कोणाही समंजस व्यापाऱ्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती वाटणीबद्दल. हा पैसा कोणी भरावा, किती भरावा आणि कोणत्या मार्गाने भरावा, या तीन प्रश्नांवर आपल्याकडे पुष्कळ आरडाओरड होते. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब फार थोडे लोक करतात. "टोल बंद करा" ही घोषणा सोपी आहे. टोल बंद झाल्यावर तोच पैसा दुसऱ्या कोणत्या खिशातून जाईल, हे पाहणे मात्र व्यापाऱ्याचे काम आहे.

आपल्या समाजातील फार मोठा वर्ग या प्रश्नाशी रोजच्या रोटीने बांधलेला आहे. टेम्पोचालक, ट्रकमालक, भंगार व फळांचे व्यापारी, बेकरीवाले, फर्निचर व वेल्डिंगचे कारागीर, भिवंडी-मालेगावचे यंत्रमागधारक या सर्वांच्या मालाला चाके लागतात. म्हणून प्रस्तुत लेखात टोल व इंधनावरील कर या दोन पद्धतींची तुलना करू आणि नाक्याच्या जवळ राहणाऱ्या स्थानिक गाडीवाल्याच्या दृष्टीने त्यांत न्याय कोठे आहे ते पाहू.

रस्त्याचे पैसे कोणत्या वाटांनी जातात?

गाडीवाला रस्त्यासाठी मुख्यतः तीन वाटांनी पैसे देतो. पहिली वाट मोटार वाहन कराची. हा राज्याचा कर असून तो आरटीओत भरला जातो. दुसरी वाट पंपावरची. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमध्ये केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा व्हॅट असतो. तिसरी वाट नाक्यावरची, म्हणजे टोल किंवा पथकर.

यांपैकी टोल ही काही नवी गोष्ट नाही. इंग्रजांच्या राजवटीत १८५१ सालीच टोलचा कायदा झाला होता. इंधनावरील कर रस्त्यासाठी वापरण्याची कल्पना मात्र मोटारीबरोबर आली, आणि तिच्याशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारींची वाहतूक वाढत आहे, रस्त्यांचा बोजा स्थानिक बोर्डांना झेपत नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, असे या समितीने सुचविले. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला व केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. तत्त्व सरळ होते: जो जास्त चालवील तो जास्त जाळील, जो जास्त जाळील तो जास्त भरील, आणि भरलेला पैसा रस्त्यावरच खर्च होईल.

१९९८-९९ मध्ये पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसवून हेच तत्त्व पुन्हा वर आणले गेले व २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. त्याच दशकात दुसरा प्रवाहही सुरू झाला. १९९५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती होऊन खाजगी कंपन्यांना रस्ते बांधून टोल घेण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात १९९६ साली रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. ठाणे-भिवंडी बायपास हा तर देशातील सुरुवातीच्या 'बांधा, वापरा व हस्तांतरित करा' पद्धतीच्या रस्त्यांपैकी एक. म्हणजे भिवंडीच्या मागवाल्याला टोलची ओळख देशातील बहुतेकांच्या आधी झाली आहे.

अशा रीतीने पंपावरही द्या आणि नाक्यावरही द्या, अशी दुहेरी पद्धत रूढ झाली. न्यायाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

एका लिटरमध्ये कर किती, रस्ता किती?

प्रथम पंपाचा हिशेब घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढविले. त्यानंतर पेट्रोलवर ते २१ रुपये ९० पैसे व डिझेलवर १७ रुपये ८० पैसे झाले. महाराष्ट्रात २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर व्हॅट पेट्रोलवर २५ टक्के अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आणि डिझेलवर २१ टक्के असा राज्यभर सारखा झाला. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरला, तर या दरांनी त्यातील सुमारे १५ रुपये ६० पैसे राज्याचे व १७ रुपये ८० पैसे केंद्राचे; एकूण कर सुमारे ३३ रुपये. भाव बदलला तर व्हॅटचा आकडा थोडा बदलेल, हिशेबाची रीत तीच राहील.

आता या ३३ रुपयांत रस्त्याच्या नावाने बसवलेला उपकर किती? एप्रिल २०२५ च्या दरपत्रकात डिझेलवरील रस्ते व पायाभूत सुविधा उपकर लिटरमागे फक्त २ रुपये होता आणि पेट्रोलवर ५ रुपये. मे २०२० मध्ये हाच उपकर दोन्हींवर १८ रुपये होता. नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये इंधनावरील करात कपात झाली तेव्हा ती याच उपकरातून झाली. बाकीची रक्कम विशेष जादा शुल्क, कृषी उपकर वगैरे नावांनी जमा होते व सरकारच्या इतर खर्चात जाते. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीने रस्त्यांच्या निधीतील पैसा रेल्वे, जलमार्ग व इतर पायाभूत कामांवरही खर्च करण्याची मुभा मिळाली.

तेव्हा "आम्ही डिझेलवर एवढा कर देतो, मग टोल कशाला?" हा सवाल मनाला पटणारा असला तरी त्यात एक गाळलेली पायरी आहे. डिझेलवरील कर मोठा आहे हे खरे. पण तो सगळा रस्त्यासाठी आहे असे सरकार म्हणतच नाही. खरी मागणी अशी असायला हवी की, गाडीवाल्याकडून घेतलेल्या करातील ठरावीक हिस्सा रस्त्यासाठी वेगळा ठेवावा व त्याचा हिशेब जनतेसमोर मांडावा. जयकर समितीने हीच गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सांगितली होती.

नाक्यावरचा हिशेब

आता टोलकडे वळू. राष्ट्रीय महामार्गावरील टोल २००८ च्या नियमांनी ठरतो. त्या नियमांत २००७-०८ साठी चौपदरी रस्त्याचा मूळ दर दर किलोमीटरला असा ठरवला होता: कार-जीपला ६५ पैसे, हलक्या मालवाहू टेम्पोला १ रुपया ५ पैसे, दोन आसांच्या ट्रकला किंवा बसला २ रुपये २० पैसे. त्यावर दरवर्षी ३ टक्के, शिवाय घाऊक महागाईच्या वाढीच्या ४० टक्के इतकी वाढ. चोवीस तासांत परत आल्यास दोन्ही फेऱ्या मिळून दीडपट रक्कम. येणारी रक्कम जवळच्या पाच रुपयांच्या पटीत धरायची. त्याच दिशेला दोन नाक्यांमध्ये साधारणपणे ६० किलोमीटर अंतर असावे, असाही नियम आहे.

येथे एक बारकावा आहे. नाका एकाच जागी असतो, पण तो वसुली करतो संपूर्ण टप्प्याची. समजा, एका नाक्याचा टप्पा ६० किलोमीटरचा आहे. मूळ दराने टेम्पोचा एकेरी टोल ६३ रुपये होतो, म्हणजे ६५ रुपये. जाऊन-येऊन ९५ रुपये. आता दोन टेम्पो घ्या. दोन्ही लिटरला १२ किलोमीटर चालतात.

पहिला टेम्पो लांब पल्ल्याचा. तो सगळा टप्पा चालून जातो व परत येतो, १२० किलोमीटर. त्याला १० लिटर डिझेल लागले, त्यावरील कर ३३० रुपये. टोल ९५ रुपये.

दुसरा टेम्पो स्थानिक बेकरीवाल्याचा. भट्टी नाक्याच्या अलीकडे, गिऱ्हाईक नाक्याच्या पलीकडच्या गावात. तो महामार्गावर जेमतेम ६ किलोमीटर जातो व ६ किलोमीटर परत येतो. एक लिटर डिझेल, कर ३३ रुपये. टोल मात्र तोच, ९५ रुपये.

इंधनकर दोघांना दर किलोमीटरला सारखाच पडला, सुमारे पावणेतीन रुपये. टोल मात्र पहिल्याला किलोमीटरला ७९ पैसे पडला आणि दुसऱ्याला ७ रुपये ९२ पैसे, म्हणजे बरोबर दहापट. ज्याने रस्ता दहावा हिस्सा वापरला त्याने रक्कम पूर्ण भरली. डिझेलवरील कर वर दिलेल्या २०२५ च्या दराने धरला असून टोल मात्र मुद्दाम २००७-०८ च्या मूळ दराने धरला आहे. त्यानंतरच्या वाढी मिळवल्या तर स्थानिकाचे पारडे आणखी खाली जाते.

हेच स्थानिक गाडीवाल्याचे खरे दुखणे आहे. त्याची तक्रार टोल या कल्पनेशी नाही, नाक्याच्या जागेशी आहे. नाका चार किलोमीटर पुढे असता तर त्याला काहीच पडले नसते. शेजारच्या गावातील दुसरा बेकरीवाला, ज्याची भट्टी व बाजार नाक्याच्या एकाच बाजूला आहे, तो तेवढाच रस्ता फुकट वापरतो. दोघांच्या पावाचा भाव मात्र बाजारात एकच राहतो. जागेच्या योगायोगाने एकाच्या नफ्यातून रोज ठरावीक रक्कम कापली जाते.

न्यायाच्या चार कसोट्या

कोणताही कर रास्त आहे की नाही हे ठरवण्यासाठी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: जो वापरतो तोच भरतो का? या कसोटीवर लांब पल्ल्याच्या मोठ्या रस्त्यासाठी टोल चांगला उतरतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा खर्च नांदेडच्या टेम्पोवाल्याने डिझेलमधून का भरावा? त्या मार्गाने जाणाऱ्याने भरावा, हेच योग्य. उलट इंधनकर रस्त्यावर कधीही न येणाऱ्या डिझेलवरही पडतो. वीज गेल्यावर कारखानदार जनरेटर चालवतो, शेतकरी डिझेल पंप लावतो. त्या डिझेलमध्येही रस्त्याचा उपकर असतो. परंतु लहान अंतरासाठी हीच कसोटी लावली तर, वर दाखवल्याप्रमाणे, नाक्याचा टोल नापास होतो आणि इंधनकर पास होतो.

दुसरा प्रश्न: जो रस्ता जास्त खराब करतो तो जास्त भरतो का? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मोठी रस्ता-चाचणी झाली. तिच्यातून असे दिसून आले की, आसावरील वजन दुप्पट झाले तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, ते सुमारे सोळापट होते. म्हणजे कार व छोटा टेम्पो रस्त्याला जवळपास काहीच करीत नाहीत. रस्ता फोडतो तो जादा भरलेला ट्रक. आता कर पाहा. ट्रक लिटरला चार किलोमीटर चालला तर टेम्पोच्या तिप्पट इंधनकर भरतो. टोलमध्ये तो टेम्पोच्या सुमारे दुप्पट भरतो. दोन्हींपैकी एकही पद्धत नुकसानीच्या प्रमाणात पैसे घेत नाही, आणि दोन्हींत हलक्या गाडीवाल्यावर अवजड गाडीच्या नुकसानीचा काही भार येतो. म्हणूनच जादा भार भरणारा माणूस फक्त स्वतःचे टायर झिजवतो असे समजू नये. तो सर्वांचा रस्ता खातो.

तिसरा प्रश्न: वसुलीतच किती पैसा जातो? इंधनकर तेल कंपन्यांकडून ठोकीने जमा होतो. गाडीवाल्याला थांबवावे लागत नाही. टोलसाठी नाका, माणसे, यंत्रे, ठेकेदाराचा नफा, शिवाय रांगेत जळणारे डिझेल व जाणारा वेळ. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाल्याने रांगा कमी झाल्या व रोखीतील गळतीला आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. तरीही वसुलीच्या स्वस्ताईत इंधनकर पुढे आहे.

चौथा प्रश्न: पैसे देऊनही रस्ता मिळाला नाही तर जाब विचारता येतो का? येथे टोलचे पारडे जड आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्करा नाक्यावरील वसुली रस्त्याची दुरवस्था व कोंडी पाहून थांबवली. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तेथेही त्याला दाद मिळाली नाही. पुढे काही अटींवर ऑक्टोबरमध्ये वसुली पुन्हा सुरू झाली. टोल हा सेवेचा मोबदला असल्याने सेवा नसेल तर तो थांबवण्याची मागणी करता येते. गल्लीतील खड्ड्यांसाठी डिझेलवरील कर थांबवा, असे कोणत्याही न्यायालयाला सांगता येणार नाही.

असा निकाल निघतो की, कोणतीही एक पद्धत सर्वथा न्यायी किंवा सर्वथा अन्यायी नाही. कोणत्या रस्त्याला व कोणत्या गाडीवाल्याला ती लावली जाते, यावर सगळे अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील तीन धडे

पहिला धडा कोल्हापूरचा. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीकडून करून घेण्यात आले आणि त्यासाठी शहराच्या प्रवेशमार्गांवर नाके उभे राहिले. महामार्गावरील टोल लांबच्या प्रवाशाकडून येतो. येथे तो रोज बाजारात, दवाखान्यात, शाळेत येणाऱ्यांवर पडला. लोकांनी सर्वपक्षीय कृती समिती स्थापन करून कित्येक वर्षे आंदोलन केले, ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील त्यात अग्रभागी होते. अखेर २०१५ सालच्या अखेरीस तेथील टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. ज्या रस्त्याला दुसरा पर्याय नाही आणि जो मुख्यतः स्थानिकच वापरतात, त्यावर टोल टिकत नाही, असा हा धडा आहे.

दुसरा धडा २०१५ चाच. राज्य सरकारने १ जून २०१५ पासून १२ नाके बंद केले व आणखी ५३ नाक्यांवर कार, जीप व एसटी बसना सूट दिली. कारवाल्यांना आनंद झाला. परंतु मालवाहू गाड्यांची वसुली त्या ५३ नाक्यांवर चालूच राहिली आणि ठेकेदारांची नुकसानभरपाई राज्याच्या तिजोरीतून द्यावी लागली. तिजोरीत पैसा कोठून येतो? व्हॅटमधून, विक्रीकरातून, म्हणजे ज्याच्याकडे सायकलही नाही त्याच्या खरेदीतूनसुद्धा. कारवाल्याचा टोल अशा रीतीने सर्वांवर पसरला गेला.

तिसरा धडा मुंबईचा. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली व वाशी अशा मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. ट्रक व अवजड वाहनांची वसुली मात्र चालू राहिली. ट्रक जो टोल भरतो तो भाड्यात मिळतो, भाडे मालाच्या भावात मिळते, आणि कुर्ल्याचा किंवा मुंब्र्याचा दुकानदार तो गिऱ्हाइकाकडून घेतो किंवा स्वतः सोसतो. टोलमाफीची बातमी वाचताना "माफी कोणाला आणि भरपाई कोणाकडून?" एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी.

ज्यांनी जकात नाक्यांचे दिवस पाहिले आहेत त्यांना हे नवे नाही. जकात गेली तेव्हा एलबीटी आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, मुंबईची जकात जीएसटीबरोबर जुलै २०१७ मध्ये संपली. प्रत्येक वेळी नाका गेला. करवसुलीने फक्त जागा बदलली.

स्थानिकाला नियमाने काय मिळते?

पुष्कळ गाडीवाले आपल्या हक्काची सवलत केवळ माहिती नसल्याने सोडून देतात. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर पुढील सवलती नियमांत आहेत.

१. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या बिगर-व्यापारी गाडीला मासिक पास. २००७-०८ साठी तो १५० रुपये होता. पुढे तो दरवर्षी वाढत गेला. सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर हा पास नाकारला जाऊ शकतो.

२. ज्या जिल्ह्यात नाका आहे त्याच जिल्ह्यात नोंद झालेल्या व्यापारी गाडीला निम्मा दर. नॅशनल परमिटच्या गाडीला ही सवलत नाही. नाक्यावरील दरफलकावर याचा स्वतंत्र रकाना असतो, तो पाहावा.

३. कोणत्याही गाडीला महिन्याला ५० एकेरी फेऱ्यांचा पास, एकूण रकमेच्या दोन-तृतीयांश दराने.

४. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर व बैलगाडी यांना सर्वसाधारणपणे टोल नाही. मात्र सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता असेल तेथे नियम वेगळे आहेत.

या सवलतींनी किती फरक पडतो? वरील बेकरीवाल्याचेच उदाहरण घ्या. महिन्याला २५ दिवस, रोज एक जाणे-येणे, म्हणजे ५० फेऱ्या. मूळ दराने सुटे टोल भरल्यास ६५ गुणिले ५०, म्हणजे ३,२५० रुपये. परतीच्या दराने ९५ गुणिले २५, म्हणजे २,३७५ रुपये. मासिक पास काढल्यास २,१०० रुपये. जिल्ह्यातील व्यापारी गाडीचा निम्मा दर मिळाल्यास ३० गुणिले ५०, म्हणजे १,५०० रुपये. एकच टेम्पो, एकच रस्ता; पण माहिती असलेला १,५०० भरतो आणि माहिती नसलेला २,३७५. फरक महिन्याला ८७५ रुपयांचा. आजच्या वाढलेल्या दराने तो आणखी मोठा. ही सवलत बहुधा आपोआप लागत नाही. आर.सी. बुक व फास्टॅगचा तपशील घेऊन नाक्याच्या कार्यालयात नोंद करून घ्यावी आणि पहिल्या आठवड्यात कापलेली रक्कम तपासावी.

१५ ऑगस्ट २०२५ पासून आलेला वार्षिक फास्टॅग पास मात्र खाजगी कार, जीप व व्हॅनपुरताच आहे. सुरुवातीला त्याची किंमत २०० फेऱ्यांसाठी किंवा एका वर्षासाठी ३,००० रुपये ठेवली गेली, म्हणजे फेरीला १५ रुपये. सहलीला जाणारी कार अशा स्वस्त पासावर नाका ओलांडते आणि रोजीसाठी फिरणारा टेम्पो पूर्ण किंवा निम्मा टोल भरतो. न्यायाच्या दृष्टीने ही उलटी गंगा आहे, आणि छोट्या मालवाहू गाड्यांच्या संघटनांनी आपली मागणी नेमक्या याच ठिकाणी मांडावी.

वहीत काय लिहावे?

व्यापाऱ्याने टोल व डिझेल एकाच खात्यात टाकू नये. डिझेल अंतराप्रमाणे वाढते. टोल फेरीप्रमाणे वाढतो. दोन्ही मिसळले की भाडे चुकते. मालेगावहून भिवंडीला कापड पाठवणाऱ्याला चांदवड, पिंपळगाव बसवंत, घोटी व पडघा असे नाके लागतात. गाडी भरलेली असो की अर्धी, टोल तोच. दहा गाठींवर तो वाटला गेला तर गाठीमागे कमी पडतो, चार गाठींवर वाटला गेला तर अडीचपट. म्हणून टोलच्या रस्त्याने शक्यतो भरलेली गाडी जावी. शेजारच्या दोन मागवाल्यांनी माल एकत्र पाठवला तर दोघांचाही फायदा.

हेही लक्षात असू द्यावे की, पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे व रस्ता वापरण्याच्या टोलवरही जीएसटी नाही. त्यामुळे या दोन्ही खर्चांची वजावट जीएसटीत मिळत नाही; तो खर्च पूर्णपणे मालाच्या किमतीत बसवावा लागतो. फास्टॅगचे मासिक विवरण छापून ठेवावे. दोनदा कापलेला टोल त्यातच सापडतो, आणि व्यवसायाचा खर्च दाखवतानाही तेच उपयोगी पडते. नाका चुकवण्यासाठी खेड्यातल्या कच्च्या रस्त्याने गाडी घालणाऱ्यानेही हिशेब करावा. दहा किलोमीटर जास्त, पाऊण-एक लिटर डिझेल, पाट्यांची झीज आणि अर्धा तास. यात बहुधा वाचलेला टोल संपून जातो, आणि खेड्यातला रस्ता फुटतो तो वेगळाच.

मग रास्त मार्ग कोणता?

गावोगावचे, तालुक्याचे, शहरातील अंतर्गत रस्ते सर्वांचे आहेत. त्यांचा खर्च इंधनकर व वाहनकर यांतूनच झाला पाहिजे, आणि त्यासाठी घेतलेला उपकर त्यासाठीच राखला पाहिजे. लांब पल्ल्याचा, वेगळा, पर्यायी रस्ता असलेला द्रुतगती मार्ग असेल तर टोल योग्य; पण तो अंतराप्रमाणे घ्यावा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर, जो ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, ही पद्धत आहे: जेथे चढला व जेथे उतरला तेवढ्याच अंतराचा टोल. अशा रस्त्यावर सहा किलोमीटरवाल्याने साठ किलोमीटरचे पैसे देण्याचा प्रश्नच उरत नाही.

जुन्या महामार्गांवरही हे होऊ शकते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून उपग्रह यंत्र बसवलेल्या, नॅशनल परमिट नसलेल्या गाड्यांना दिवसाला प्रत्येक दिशेने पहिले २० किलोमीटर टोलमुक्त ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे स्थानिकावर अन्याय होतो ही गोष्ट सरकारने तत्त्वतः मान्य केली आहे. ती सवलत फास्टॅगवाल्या टेम्पोपर्यंतही पोचावी, हा पुढचा टप्पा आहे.

विजेच्या गाड्या वाढत जातील तसा इंधनकर कमी होत जाईल व सरकारचे लक्ष टोलकडे जास्त वळेल. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात विजेच्या कार व बसना काही मोठ्या मार्गांवर टोलमाफीही दिली. ही गाडी आज परवडते ती बहुतेक सुस्थितीतील माणसाला. डिझेलचा जुना टेम्पो चालवणाऱ्यावर इंधनकरही व टोलही, अशी स्थिती लांबू नये यासाठी आताच बोलले पाहिजे.

घोषणांपेक्षा आकडे बोलके असतात. आपल्या भागातील पाच-दहा गाडीवाल्यांनी एकत्र बसून एक महिनाभर रोजचे अंतर, डिझेल, फेऱ्या व कापलेला टोल लिहून काढावा. शेवटी टोलला महामार्गावर चाललेल्या किलोमीटरांनी भागावे. किलोमीटरला पडणारा तो आकडा नाक्याच्या दरफलकावरील दराच्या किती पट आहे, हे अर्जात लिहून महामार्ग प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे व आपल्या लोकप्रतिनिधीकडे द्यावे. रस्त्याचा मोबदला देण्यास आपण तयार आहोत. तो वापरलेल्या रस्त्याचाच असावा, एवढीच मागणी आहे, आणि ती हिशेबाने सिद्ध करता येते.